दोन थेंबांमधली पाच मिनिटं

आईच्या डोळ्यात एका बाटलीतला थेंब टाकला, की दुसरीतला टाकायच्या आधी पाच मिनिटं थांबायचं असतं. दिवसातून चार वेळा. ही पाच मिनिटं फार वाईट. तेवढ्यात चहा होत नाही, पेपरही वाचून होत नाही, आणि उठून दुसरं काही करायला गेलं की दुसरा थेंब हमखास राहतो. म्हणून परवा दुपारी मी कॅमेऱ्याची पिशवी काढून तिच्यासमोरच लेन्स पुसत बसलो.

साताऱ्यात पावसाळाभर लेन्स सांभाळणं म्हणजे घरात पाहुणा आजारी पडल्यासारखं असतं. बरेच जण तांदळाच्या डब्यात ठेवतात. मी नाही ठेवत, पीठ आत जातं. फराळाचा एक घट्ट झाकणाचा डबा आहे, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो. झाकणावर अजून आईच्या अक्षरात 'शेव' लिहिलेलं आहे. एवढं करूनही फिफ्टीच्या, म्हणजे माझ्या पन्नास मिलीमीटरच्या लेन्सच्या, आतल्या काचेवर, अगदी कडेला, केसासारखा एक पांढरा धागा निघालाच. बुरशी. एवढ्याशा धाग्यानं फोटोत काही फरक पडत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि त्या रात्री मला झोप येणार नाही, हेही.

शार्प फोटोचं हे खूळ काकांचं. त्यांच्याकडे अॅग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये चौकोनी बारा फोटो, आणि मागच्या लाल काचेतून आकडा सरकताना बघायचा मान घरातल्या सगळ्यात शहाण्या मुलाला. तो मान मला एकदाच मिळाला. फोकस करायची भानगडच नव्हती, लेन्स एका जागी कायमची बसवलेली. तुम्ही चार पावलं मागं उभे राहा, बाकी ती बघून घेईल. काकांचं सगळं शास्त्र त्यामुळे हातात आणि छातीत होतं. कोपरं बरगडीला टेकवायची, श्वास अर्धा सोडून धरायचा, आणि बटण दाबायचं नाही, हळूच पिळायचं. त्या वेळी आम्हीही समोर श्वास धरून उभे असायचो, कारण काका धरतात म्हणजे आपणही धरायचा असणार.

संगम माहुलीला घाटावर असाच एक फोटो काढला. आपण नीट दिसावं म्हणून मी ऐन वेळी तीन-चार पावलं पुढं सरकलो. धुऊन आला तेव्हा मागच्या देवळाचा चिरा न् चिरा स्पष्ट, आणि पुढं मी, नुसतं पिठलं. बारातला एक वाया घालवला म्हणून काका आठवडाभर बोलले नाहीत. तो फोटो अजून आहे.

आता एका कार्डात हजारो मावतात, आणि वाया जाण्याचं दुःख तेवढं शिल्लक आहे. गेल्या वर्षी कासला गेलो होतो, आई बरोबर होती. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढला की हवाच बदलते. मला सीतेची आसवं हवी होती. जांभळं, नखाएवढं फूल, बारीक देठावर. जवळ जाऊन फिफ्टीचं भोक 1.8 वर, म्हणजे सताड, उघडलं तर जेमतेम अर्धा सेंटीमीटर जागा स्पष्ट येते, म्हणजे पुढची पाकळी आली की मागची गेली. 8 वर आणून ते बारीक केलं की दोन-अडीच सेंटीमीटर हाताशी येतात, लेन्सही तिथं सगळ्यात खूश असते. त्या लोभानं 22 पर्यंत बारीक करत गेलं, की भोकाच्या कडेला प्रकाशच पसरतो आणि सगळंच थोडं मऊ पडतं. पण 8 वर प्रकाश कमी, मग शटर सावकाश, की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची ताकद, वाढवा, की फोटोत रवा. लेन्स पन्नासची असेल तर शटरचा वेग निदान 1/50 सेकंद, दोनशेची तर 1/200, असा जुना हिशेब आहे. माझ्या हातासाठी मी तो दुप्पट करून धरतो. हे सगळं जुळवून, ओल्या कातळावर पोट टेकून, श्वास अर्धा सोडला, की पठारावरून वारा यायचा.

एका फुलाचे एकशेचाळीस फोटो काढले. आई छत्री घेऊन दगडावर बसली होती. शेवटी म्हणाली, "अरे, फूल हाय ते. कशाला थांबंल?"

घरी येऊन एकेक फोटो शंभर टक्के मोठा करून पाहिला. तीन बरे होते. आईला दाखवले तर म्हणाली, "धूर आलाय का रे फोटोत?" मी दुखावलो. मोतीबिंदू निघाला तो नंतर.

आता तिच्या एका डोळ्यातली गढूळ लेन्स काढून तिथं नवी बसवली आहे. आधी मोजून नंबर काढलेली, एका जागी पक्की. लांबचं चांगलं दिसेल, वाचायला चष्मा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे काकांचा क्लिक थ्रीच की! पट्टी निघाल्यापासून तिचा एकच उद्योग चालू आहे. एक डोळा झाकून बघते, मग दुसरा. "ह्यानं भिंत पांढरी, आणि त्यानं चहासारखी." डोळ्यातली जुनी लेन्स वयाबरोबर पिवळी पडत जाते, त्यातला हा प्रकार, माझ्या भाषेत, दहा वर्षं चुकलेला व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढऱ्याला पांढरं दाखवायची कॅमेऱ्यातली जुळणी. परवा घडीची साडी हातात घेऊन म्हणाली, "ही निळी होय? मी आपली हिरवट म्हणून नेसत होते." सोप्याच्या तुळईला लोंबणारं कोळिष्टकही तिनंच खुर्चीवरून दाखवलं. किती महिने होतं कोण जाणे. मी काचेवरच्या धाग्याला टॉर्च लावून बसलो होतो.

खिडकीतून उतरतं ऊन तिच्या गालावर आलं होतं. लेन्स पुसून झालीच होती, म्हणून लावली. 4 वर ठेवली, फोकस नव्या डोळ्यावर. कोपरं बरगडीला. आईनं सवयीनं श्वास धरला, मग सोडला, आणि काळा चष्मा हातात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"तुझे केस एवढे कधी पिकले रे?"

"झाली की आठ-दहा वर्षं."

ती काही बोलली नाही. पाचाची सात मिनिटं झाली होती. मी दुसरी बाटली हलवून घेतली आणि म्हटलं, "मान वर कर."