'जळगाव'मधून 'लगून' निघत नाही: शब्दयादी गाळण्याचा माझा अनुभव

दहावीच्या इंग्रजी पेपरात एक ठरलेला प्रश्न असतो: दिलेल्या शब्दातली अक्षरं वापरून किमान तीन अक्षरी चार शब्द तयार करा, २ गुण. मुलांना तो सोपा वाटतो. उत्तरसूची करणाऱ्याचा मात्र घाम निघतो, कारण वर्गातून भलभलते शब्द येतात आणि कुठला चालतो, कुठला नाही, हे जागेवर सांगावं लागतं. सरावासाठी मी खानदेशातलीच गावं घेतली, जळगाव, भुसावळ, नंदुरबार, आणि शब्द संगणकाकडून गाळून घ्यायचं ठरवलं. दहा मिनिटांचं काम. दोन संध्याकाळी गेल्या, त्याही न दिसणाऱ्या एका चिन्हापायी.

लिनक्सवर यासाठी 'ग्रेप' ही आज्ञा पुरते; दिलेल्या नमुन्यात बसणाऱ्या ओळी ती यादीतून काढून देते. जळगावची इंग्रजी अक्षरं जे, ए, एल, जी, ए, ओ, एन. वेगळी अक्षरं सहाच. ती चौकटी कंसात लिहायची, पुढे महिरपी कंसात '३ किंवा जास्त', सुरुवातीला टोपीचं चिन्ह, शेवटी डॉलर. टोपी म्हणजे ओळीची सुरुवात, डॉलर म्हणजे शेवट. महिरपी कंस चालायला 'वजा मोठा ई' हा पर्याय लागतो. यादी मी लॅबमधल्या विंडोजवर नोटपॅडमध्ये केली होती, पेनड्राइव्हवरून लॅपटॉपवर घेतली. एंटर मारलं. उत्तर: शून्य शब्द.

'लाँग', 'गोल', 'लोन' यादीत डोळ्यांना दिसत होते. मग चुका शोधणं सुरू. कंस तपासले. अवतरण चिन्हं बदलली. डॉलर काढून पाहिला तर धो धो शब्द आले, पण 'लँग्वेज' आणि 'लाँगर'सुद्धा, कारण शेवटाचं बंधनच उरलं नव्हतं. म्हणजे घोळ डॉलरपाशी आहे एवढं कळलं, का आहे ते कळेना. खरा धागा वेगळ्याच चाळ्यातून मिळाला. फक्त पाच अक्षरी शब्द मागितले (टोपी, टिंब म्हणजे कुठलंही एक चिन्ह, महिरपी कंसात ५, डॉलर), तर सगळे चार अक्षरी आले!

विंडोजचं नोटपॅड प्रत्येक ओळ दोन चिन्हांनी संपवतं: 'कॅरेज रिटर्न' आणि 'लाइन फीड'. लिनक्स फक्त दुसऱ्याला ओळीचा शेवट मानतो. पहिलं चिन्ह शब्दाला चिकटून राहतं, दिसत नाही, पण मोजलं जातं. 'लाँग'ची चार अक्षरं आणि हा पाहुणा, झाले पाच. माझ्या कंसातल्या सहा अक्षरांत पाहुणा बसत नव्हता, म्हणून शून्य. खात्री करायची तर फाइल पडद्यावर दाखवणाऱ्या 'कॅट' आज्ञेला 'वजा मोठा ए' जोडा, म्हणजे न दिसणारी चिन्हंही दिसतात. प्रत्येक शब्दामागे टोपी, एम आणि डॉलर अशी शेपटी दिसली, की समजा हाच रोग. उपाय एका ओळीचा: 'डॉस-टू-युनिक्स' फाइलवर चालवा. ते नसेल तर 'टीआर'ने कॅरेज रिटर्न उडवून नवी फाइल करा. नोटपॅड प्लस प्लस असेल तर 'एडिट'मध्ये ओळीचा शेवट बदलायची सोय आहे, तिथे युनिक्स निवडायचं. हे मी सगळ्यात आधी करायला हवं होतं. तुम्ही करा.

शब्द आले, पण निम्मं काम बाकी होतं. चौकटी कंस अक्षरं मोजत नाही, फक्त परवानगी देतो. त्यामुळे 'लगून' आला (दोन ओ), 'गॅलन' आला (दोन एल), 'गँग', 'नून' आणि मुलांचा लाडका 'ऑल' आला. "सर, 'ऑल' काबर नही?" हा प्रश्न दर वर्षी असतो. जळगावात एल एकच आहे, म्हणून नाही. गाळायला दुसरा ग्रेप लावायचा, 'वजा व्ही'सकट, म्हणजे जुळणारे शब्द बाहेर. नमुना असा: एल, टिंब, तारा, एल (टिंब-तारा म्हणजे मध्ये काहीही असो किंवा नसो). तसंच जे, जी, ओ, एन यांचं, आणि ए दोन असल्याने त्याचा नमुना तीन वेळा ए असलेला. सहाही नमुने उभ्या रेघेने जोडून एकाच आज्ञेत बसतात.

एक्सेलवाल्यांनी 'लेन' आणि 'सबस्टिट्यूट' वापरावं: शब्दाच्या लांबीतून ते अक्षर काढल्यावरची लांबी वजा केली की संख्या मिळते. 'सबस्टिट्यूट' लहान-मोठं अक्षर वेगळं धरतं, म्हणून आधी 'लोअर'ने सगळी अक्षरं लहान करा. साध्या कस्टम फिल्टरवर विसंबू नका, त्यात दोनच अटी मावतात.

सगळी अक्षरं शब्दात 'असली पाहिजेत', बाकी काहीही चालेल, असा प्रश्न असेल तर कंस नकोच. प्रत्येक अक्षरासाठी वेगळा ग्रेप, एकाला एक जोडून. आणि सगळी अक्षरं तंतोतंत वापरायची असतील तर प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लावून ती किल्ली ताडून पाहा. 'अंगोला' आणि 'अ‍ॅनालॉग' (अमेरिकी स्पेलिंग) यांची किल्ली एकच: ए, ए, जी, एल, एन, ओ. दोन्ही जळगावातून निघतात, जे तेवढा उरतो. नंदुरबारातून डर्बन निघतं. पण विशेषनामं मी सूचीत घेत नाही. यादीत ती मोठ्या अक्षराने सुरू होतात, त्यामुळे लहान अक्षरांचा कंस त्यांना आपोआप अडवतो. लहान-मोठा भेद न धरणारा 'वजा आय' लावला तर मात्र आत शिरतात.

'अ‍ॅनालॉग'ही मी सूचीतून काढला. ब्रिटिश स्पेलिंगला शेवटी यू आणि ई लागतात, ते जळगावात नाहीत. उबंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार) 'डब्ल्यूब्रिटिश' हे पॅकेज टाकलं तर ब्रिटिश स्पेलिंगची तयार यादी मिळते, ओळींचे शेवटही सरळ. भुसावळचं उत्तर तिच्यावरूनच काढलं: 'शॉल', 'हॉल' (एच, ए, यू, एल), 'बुश', 'स्लॅब', 'वॉश'.