मुंबई–हैदराबाद, आणि तिथून वर 31 किलोमीटर

हुसेनसागर एक्सप्रेसनं मुंबई सोडली की सोलापूर पहाटे येतं. पुढे कलबुर्गी, वाडी, तांडूर, विकाराबाद. खिडकीबाहेर ज्वारी, तूर, मधूनच शहाबादी फरशीच्या खाणी. हा पट्टा आम्ही जरा निरखून बघतो, कारण वरचा वारा पश्चिमेकडे वाहत असला तर फुग्याला टांगलेली दुर्बीण अशाच एखाद्या रानात उतरणार असते.

दुर्बीण टीआयएफआरची, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, 100 सेंमी आरशाची. घडली कुलाब्यात, उडते हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीजवळच्या बलून फॅसिलिटीतून. तिला बघायचा असतो 150 ते 210 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचा, डोळ्याला न दिसणारा दूर-अवरक्त प्रकाश. नव्या ताऱ्यांभोवतीची थंड धूळ याच पट्ट्यात चमकते, आणि हवेतली वाफ नेमका हाच पट्टा गिळून टाकते. हवाईच्या मौना केआवर, 4,200 मीटर चढूनही उपयोग नाही. 31 किलोमीटरवर मात्र 99 टक्के हवा पायाखाली गेलेली असते.

हैदराबादच का? इथलं अक्षांश साडेसतरा. आरसीडब्ल्यू 106 हा दक्षिणेकडचा तारे घडवणारा ढग इथून क्षितिजावर 21 अंश चढतो; टेक्सासमधल्या पॅलेस्टाइनच्या तळावरून जेमतेम 7. शिवाय भूचुंबकीय विषुववृत्त जवळ, त्यामुळे बोलोमीटरवर, म्हणजे दुर्बिणीतल्या शोधकावर, वैश्विक किरणांचे फटके कमी बसतात. उणी बाजूही आहे. 17 किलोमीटरच्या आसपास तापमान उणे 80 अंशांपर्यंत जातं आणि साधं पॉलिथिन काचेसारखं तडकतं. म्हणून या थंडीला टिकणारी ‘अँट्रिक्स’ नावाची फिल्म इथे खास तयार केली गेली.

मैदानावर पोचल्यावर सगळ्यात जास्त वेळ खातो तो क्रायोस्टॅट, म्हणजे द्रव हेलियमनं शोधक गार ठेवणारं थर्मॉससारखं भांडं. बोलोमीटर म्हणजे अतिसंवेदनशील तापमापकच, त्याला 0.3 केल्विनवर, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर, ठेवावं लागतं. आधी भांड्याच्या दोन भिंतींमधली निर्वात पोकळी पंपावर ठेवायची, किमान दोन दिवस. मग हेलियमच्या टाकीत द्रव नायट्रोजन भरून सगळं 77 केल्विनवर आणायचं. इथपर्यंत कुणाचं काही चुकत नाही. चुकतं ते नायट्रोजन काढताना. नळी तळापर्यंत सोडून कोरड्या हेलियम वायूच्या दाबानं तो बाहेर ढकलायचा आणि मग टाकी पंपानं ओढून बघायची. काटा सरळ खाली गेला तर ठीक. 125 मिलिबारपाशी रेंगाळला, तर तळाशी अजून नायट्रोजन आहे आणि तो गोठू लागलाय. तशात हेलियम ओतलं, तर त्या कपभर बर्फाला थंड करण्यातच लिटरच्या लिटर उडून जातं.

हेलियम फार नाजूक. एक वॉट उष्णता आत शिरली की तासाला 1.4 लिटर हेलियम उडतं. तेवढ्याच वॉटला नायट्रोजन फक्त 22 मिलिलिटर. म्हणून सुरुवातीला ओतायचं हळू, नळीचं टोक तळाला टेकवून, म्हणजे वर येणारा गार वायूच भांडं निववतो. भरलं की पंप लावून 2 केल्विनच्या खाली. यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त द्रव जातो, तो हिशेब आधीच धरायचा. मग बंद नळकांड्यातलं हेलियम-3, हेलियमचा हलका भाऊ, द्रव होतं, थंड केलेला कोळसा त्याची वाफ शोषून घेतो आणि तापमान 0.3 वर येतं.

2.17 केल्विनखाली हेलियम अतिप्रवाही होतं आणि ज्या चिरेतून एरवी काहीच गळत नाही तिच्यातूनही निसटतं. ही गळती खोलीच्या तापमानाला सापडत नाही, हेलियम एरवी उकळतं त्या 4.2 केल्विनलाही नाही. पूर्ण थंड करूनच कळते. तेव्हा ही चाचणी कुलाब्यातच उरकलेली बरी.

उड्डाणाच्या वेळी पंप काढून जमिनीवरच ठेवावा लागतो. वर बाहेरचा दाब सुमारे 10 मिलिबार असतो, आणि तेवढ्या दाबाखाली हेलियम 1.7 केल्विनच्या आतबाहेर राहतं. म्हणजे आकाशच पंपाचं काम करतं. फक्त झडप उघडायची ती बाहेरचा दाब आतल्यापेक्षा खाली गेल्यावरच.

फुगा हायड्रोजनचा. भरताना सगळे ट्रक अर्थिंगला जोडलेले, आणि जमिनीवरचा वारा जवळजवळ पडलेला हवा. चढण्याचा वेग सेकंदाला 5 मीटर धरला तर वर पोचायला पावणेदोन तास लागतात.

वर गेलं तरी खरी अडचण दुर्बिणीचीच, कारण आरसा स्वतःच या पट्ट्यात झळाळत असतो, धुळीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून दुय्यम आरसा सेकंदाला 10 वेळा हलवायचा, सुमारे 4 कला, म्हणजे अंशाचा पंधरावा भाग. दोन जागांची वजाबाकी केली की आरशाची झळाळी उडते. पण पसरट ढगाचा काही भागही त्याच वजाबाकीत जातो. गणितानं चित्र पुन्हा उलगडावं लागतं. मोजमाप ताडून बघायला गुरू ग्रह.

याच दुर्बिणीवर बसणाऱ्या जपानी सहकाऱ्यांच्या फॅब्री-पेरो वर्णपटमापीत (एका वेळी एकच तरंगलांबी निवडणाऱ्या उपकरणात) ही भानगड नाही. तो आयनित कार्बनच्या 157.74 मायक्रॉनच्या रेषेभोवती तरंगलांबीच पुढेमागे सरकवतो, त्यामुळे पसरलेला उजेड शाबूत राहतो. त्याचा शोधक म्हणजे गॅलियम मिसळलेला जर्मेनियमचा स्फटिक. एरवी तो 120 मायक्रॉनच्या आसपास आंधळा होतो. स्क्रूनं दाबून धरला की 200 पर्यंत बघतो. स्क्रू जास्त आवळला की स्फटिक फुटतो.

हाच प्रकाश बघणाऱ्या हर्शल या अंतराळ दुर्बिणीचा आरसा साडेतीन मीटरचा होता हे खरं, पण 2013 मध्ये हेलियम संपलं आणि ती थांबली. आमची दुर्बीण परत येते आणि पुन्हा भरता येते, याचं आम्हाला जास्त कौतुक.

रेडिओवरून आज्ञा दिली की दोर कापला जातो आणि छत्री उघडते. त्याआधी हेलियमची झडप बंद झालीच पाहिजे. उघडी राहिली तर उतरताना दमट हवा आत ओढली जाते, नळीच्या गळ्यात बर्फाचं बूच बसतं आणि खाली हेलियम उकळतच राहतं. म्हणून ज्वारीच्या रानात पोचल्यावर आधी गर्दी मागे सारायची, आरशाकडे बघायचंही नाही. सुरक्षा-झडपेपाशी कान द्यायचा. फुसफुस ऐकू आली की मगच ट्रक बांधावरून आत घ्यायचा.