खिळ्यावरच्या चिठ्ठ्या आणि ‘पाच मिनिटं’

हॉटेलांमधली सेवा बसवून देणं हे माझं काम. लहान गावातल्या एका हॉटेलच्या मालकांनी बोलावलं तेव्हा त्यांचं म्हणणं एवढंच होतं की वेटर उर्मट आहेत, गिऱ्हाइकं नाराज होऊन जातात, पोरांना जरा बोलायला शिकवा. चौदा टेबलं, तीन वेटर, आत एक आचारी आणि दोन मदतनीस. रविवारची दुपारची गर्दी बघायला मी थांबलो, आणि बराच वेळ भटारखान्याच्या खिडकीशीच उभा राहिलो. वेटर कसा बोलतो हे टेबलावर दिसतं. तसा का बोलतो, ते खिडकीशी कळतं.

सात नंबरच्या टेबलावर चौघे बसले होते, त्यांत एक आजोबा. त्यांची ऑर्डर १.२० ला आत गेली. दहा मिनिटांनी घरातली दोन मुलं येऊन मिळाली, त्यांची वेगळी चिठ्ठी गेली. १.४५ ला आजोबांच्या मुलीने विचारलं, “अजून किती वेळ?” वेटर म्हणाला, “आलंच ताई, पाच मिनिटं.” त्या भरवशावर आजोबांनी मधुमेहाची जेवणाआधीची गोळी घेतली. दोन वाजता ताटं आली ती फक्त दोन, मागून आलेल्या मुलांची. चौघांसमोर काहीच नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा पाच मिनिटं. थोड्या वेळाने आजोबांना घाम फुटला, हात थरथरायला लागले. अशी गोळी घेतल्यावर जेवण लांबलं तर रक्तातली साखर उतरू शकते. मुलीने पाणी-साखर मागितली आणि त्याच ‘उर्मट’ वेटरने ती धावत आणून दिली. आजोबा सावरले, पण टेबलावरचा राग आता ओसरणारा नव्हता.

मागून दिलेली ऑर्डर आधी कशी आली? खिडकीच्या आतल्या बाजूला लाकडी ठोकळ्यावर एक उभा खिळा होता. वेटर येईल तशी चिठ्ठी त्यावर टोचायचा. आचारी हात मोकळा झाला की वरची चिठ्ठी ओढायचा. म्हणजे सगळ्यात शेवटी आलेली ऑर्डर सगळ्यात आधी. गर्दी नसताना खिळ्यावर एक-दोनच चिठ्ठ्या असतात, त्यामुळे हा उलटा क्रम कधी कुणाच्या लक्षात आला नव्हता. त्या दुपारी मी मोजल्या तेव्हा खिळ्यावर बारा होत्या, आणि सात नंबरची पहिली चिठ्ठी तळाशी. ती कार्बनची दुसरी प्रत, आधीच पुसट, त्यात वाफेने ओलसर झालेली. टेबलाचा आकडा सात आहे की एक, हे आचाऱ्याला उजेडात धरून बघावं लागलं.

शिवाय पार्सल. गल्ल्यावर फोन आला की मालक तिथूनच ओरडून ऑर्डर सांगायचे. त्याला चिठ्ठीच नाही, त्यामुळे ती कुठल्याच रांगेत नाही आणि कायम सगळ्यांच्या पुढे.

आता त्या वेटरच्या जागी उभं राहून बघा. आत काय चाललंय हे त्याला दिसत नाही. आचाऱ्याला विचारलं तर तो खेकसतो, कारण चार बर्नर पेटलेले असताना उत्तर द्यायला त्याला सवड नाही. मग वेटर ‘पाच मिनिटं’ म्हणतो आणि पुढच्या वेळी त्या टेबलाकडे बघायचंच टाळतो. गिऱ्हाईक यालाच उर्मटपणा म्हणतं, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे. पण वेटरला गोड बोलायला शिकवून इथे काहीही साधणार नव्हतं. खोटी वेळ गोड आवाजात सांगितली तरी गोळी घेणारा माणूस फसतोच.

खरी वेळ सांगता येते, आणि ती सांगायला आचाऱ्याला विचारावंही लागत नाही. १.१५ ते २.१५ या तासात आतून अठरा चिठ्ठ्यांचं जेवण बाहेर पडलं. हा त्या भटारखान्याचा वेग. अडकलेल्या चिठ्ठ्या बारा असतील तर नव्या ऑर्डरला सरासरी चाळीस मिनिटं लागणार. सहा असतील तर वीस. जॉन लिटल यांनी १९६१ साली गणिताने सिद्ध केलेला रांगांचा नियम हेच सांगतो: आत अडकलेली कामं म्हणजे कामांचा वेग गुणिले एका कामाला लागणारा वेळ. हा हिशेब सरासरीचा आहे, मिनिटाला मिनिट जुळणार नाही. आणि चिठ्ठ्या क्रमाने निघत असतील तरच तो एकेका टेबलाला लागू पडतो. खिळ्यापुढे तो निरुपयोगी.

म्हणून पहिलं काम खिळा काढण्याचं. त्याच दुपारी खिडकीच्या वर एक पट्टी आणि चिमटे लावले. नवी चिठ्ठी उजवीकडे, आचारी घेणार डावीकडून. चिठ्ठीवर टेबल नंबर मोठा, वेळ लिहिलेली, आणि मूळ प्रत आत; पुसट प्रत गल्ल्यावर राहिली तरी चालते. नंतर वाढवलेली ऑर्डर त्याच टेबलाच्या पहिल्या चिठ्ठीला जोडायची, म्हणजे एका टेबलाची ताटं वेगवेगळी फुटत नाहीत. एकाच चिठ्ठीवर अठरा मिनिटांचा आणि चार मिनिटांचा पदार्थ असेल तर दुसरा चौदा मिनिटं उशिरा चढवायचा. नाहीतर तो झाकणाशिवाय खिडकीत पडून गार होतो. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या खाली जाऊन रेंगाळलं की प्रश्न चवीपुरता राहत नाही, जंतू वाढायला लागतात.

बिलाच्या वेळी जे झालं ते मला सगळ्यात जास्त खटकलं. चौघांपैकी एकाचा पदार्थ शेवटपर्यंत आलाच नाही, पण बिलात होता. वेटरला तो खोडायची परवानगी नव्हती. तो गल्ल्याकडे गेला, मालक फोनवर पार्सल घेत होते, गिऱ्हाईक ताटकळत उभं. आणि मालकांचं पहिलं वाक्य होतं, “ऑर्डर तर दिली होती ना तुम्ही?” न आलेला पदार्थ बिल छापायच्या आधी, गिऱ्हाइकाने न सांगता काढायचा असतो, आणि निदान एक पदार्थ खोडायचा अधिकार टेबल सांभाळणाऱ्या वेटरकडे हवाच. माफी मागतानाही नुसतं ‘सॉरी’ पुरत नाही. काय चुकलं, आता किती वेळ लागेल, तोवर काय देऊ शकतो, हे तिन्ही सांगायचं, आणि तेही गिऱ्हाइकाने हाक मारण्याआधी. चिठ्ठीवर वेळ लिहिलेली असेल तर उशीर झाल्याचं वेटरला आधी कळतं.

पट्टी, चिमटे, बिलाचा अधिकार, सगळं मालकांनी मान्य केलं. पार्सलवर मात्र अडले. फोनवरचं गिऱ्हाईक थांबत नाही, दुसरीकडे जातं, असं त्यांचं म्हणणं. गर्दीच्या तासात फोन बंद ठेवा असं मी म्हटलंच नाही. पार्सलची चिठ्ठी त्याच पट्टीवर सगळ्यांच्या उजवीकडे लागेल आणि फोनवर ‘वीस मिनिटांत’ म्हणण्याआधी मालक स्वतः पट्टीवरच्या चिठ्ठ्या मोजतील, एवढ्यावर मात्र मी अडून राहिलो.