सातव्या मजल्यावरचा शॉवर

मागच्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका सात मजली सोसायटीतून फोन आला, सगळ्यात वरच्या फ्लॅटमधल्या काकूंचा खांदा शॉवरखाली भाजला होता. गरम-गार पाण्याचा मिक्सर सेट करून अंघोळ चाललेली, मधेच गार पाणी गायब, आणि सोलरचं कढत पाणी तेवढं अंगावर. कमिटीचं म्हणणं मिक्सर खराब आहे, दोनदा बदलून झालेला.

मी सहाव्या आणि पाचव्या मजल्यावर एकेक माणूस उभा केला आणि दोघांना एकदमच फ्लश व्हॉल्व्ह (संडासात थेट पाइपातून पाणी सोडणारा) दाबायला सांगितलं. वर काकूंच्या बाथरूममधला गार पाण्याचा नळ सुरू होता, धार बारीक झाली, मग थांबलीच, आणि नळाच्या तोंडाला तळहात लावला तर चक्क आत ओढला गेला. मला खरंच भीती वाटली, कारण त्या वेळी हँड शॉवर बादलीत बुडालेला असता तर ते साबणाचं पाणी सगळ्यांच्या लाइनीत गेलं असतं.

टेरेसवर गेलो. ड्रॉइंगमध्ये टाकीपासून डाऊनटेकपर्यंत, म्हणजे खाली मजल्यांना पाणी नेणाऱ्या उभ्या पाइपापर्यंत, दोन इंची पाइप, प्रत्यक्षात टाकीच्या तोंडालाच रिड्यूसर (पाइप बारीक करणारा जोड) आणि पुढे सव्वा इंची, वर रंग फासलेला. टाकीचा तळ त्या शॉवरपेक्षा जेमतेम 2.4 मीटर उंच, म्हणजे चौरस सेंटिमीटरला पाव किलोसुद्धा प्रेशर नाही. एक फ्लश सेकंदाला दीडेक लिटर ओढतो, टेरेसवरच्या वीसेक मीटर सव्वा इंचीत त्या 2.4 मीटरमधलं जवळपास दोन मीटर हेड (पाण्याच्या उंचीचा जोर) घर्षणातच संपतं, दोन इंचीत हेच तीसेक सेंटिमीटर. दोन फ्लश एकदम दाबले की मग काय उरणार! तळमजल्याला 20 मीटर हेड आहे, तिथे बारीक पाइपही चालून जातो, वरच्या मजल्याला ती सवलत नाही, म्हणून जाड पाइप तिथेच लागतो, आणि साइटवर नेमका तिथेच पैसा वाचवतात. सोलरची लाइन स्वतंत्र, तिच्यावर फ्लशचा काही परिणाम नाही, म्हणून गरम पाणी मात्र जोरात.

प्रेशर पंप लावा असा आग्रह होता, मी नको म्हटलं. टेरेसवरचा पाइप दोन इंची केला आणि फ्लशला टाकीपासूनच वेगळा डाऊनटेक दिला, डक्टमध्ये जागा होती म्हणून जमलं.

चार दिवसांनी परत तसेच दोन्ही फ्लश दाबायला लावले. काकू शॉवरखाली हात धरून उभ्या होत्या, दोनदा विचारलं, "दाबला का रे त्यांनी?"