ऑपरेशन झालं, मग शिंका कशा?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहिते. "काहून वो वहिनी, एवढा खर्च केला अन् नाक वाहूनच राहिलं?" गल्लीतल्या काकूंपासून नणंदेपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच.

तर ऐका. नाकात वाढलेलं मांस काढलं, सायनसची, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांची, तोंडं मोठी केली. ॲलर्जी काही काढली नाही. ती रक्तातली खोड, दुर्बिणीतून कापता येत नाही. डोकं जड होणं थांबलं, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वड्यांचा वास परत आला. हे कोणी विचारत नाही!

माझी शंका वेगळीच होती. नंतरच्या तपासणीला डॉक्टरांनी बधिर करणाऱ्या औषधात भिजवलेली पट्टी नाकात सरकवली. वरचे दात बधिर झाले, औषधाचा कडू थेंब घशात उतरला. मग दुर्बीण. एक जुनी खपली भिंतीला घट्ट चिकटली होती. चिमट्याने ती ओढली तेव्हा डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. खुर्चीचा हात मी इतका घट्ट धरला की नर्सबाई म्हणाल्या, "सोडा जी, मोडंल." पडद्यावर गालामागचा सायनस दिसत होता, ओला, गुलाबी, सताड उघडा. पूर्वी त्याचं तोंड जेमतेम काही मिलिमीटरचं, हवासुद्धा आत फारशी फिरत नसे. मी रडक्या आवाजातच विचारलं, "आता परागकण थेट आत जाऊन बसणार नाहीत?"

"थोडे जातील," ते म्हणाले. परागकण साधारण वीस-तीस मायक्रॉनचे. बहुतेक नाकाच्या पुढच्या भागातच आपटून अडकतात. बारीक तुकडे मात्र आत पोचतात. तिथला चिकट पातळ थर त्यांना धरतो, सूक्ष्म केस तो थर सायनसच्या तोंडाकडे ढकलतात आणि शेवटी सगळं घशातून पोटात. पण ऑपरेशननंतर त्या केसांना सावरायला वेळ लागतो. माझा तो काळ नेमका पावसाळा संपतानाचा, शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत कमरेएवढं फुललेलं. म्हणे, घरात बसा!

दार मोठं केलं की पाहुण्याबरोबर धूळही आत येते, असं मी तेव्हा नवऱ्याला ऐकवत होते. तो म्हणायचा, त्याच दारातून औषधही जातं की. खरंय. उकळून गार केलेल्या पाण्यातलं मीठ-सोड्याचं द्रावण आता आतपर्यंत पोचतं, पूर्वी वरच्यावर वाहून जायचं. तरी वावळाचं झाड फुललं की माझं मन पुन्हा म्हणतं, बंद होतं तेच बरं होतं. मग बंद असतानाचं ते ठणकणं आठवतं, आणि तेही पटत नाही.

ॲलर्जीची इंजेक्शनं सुचवली आहेत, तीन ते पाच वर्षांची. घेईन की नाही, ठरलेलं नाही. तोवर, परागकण आत ओढतो म्हणून खिडकीतला कूलर बंद ठेवा म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात एक रात्र आमच्याकडे मुक्कामाला यावं.