कूर्गची सावली कोणाच्या मालकीची?

कूर्गला, म्हणजेच कर्नाटकातल्या कोडगूला, जाऊन आलेले मराठी प्रवासी तिथल्या घनदाट जंगलाचे कौतुक करतात, तेव्हा ते पुष्कळदा कॉफीच्या मळ्यांविषयीच बोलत असतात. ही गफलत समजण्यासारखी आहे, कारण कोडगू जिल्ह्यातला जुना मळा म्हणजे मूळ अरण्याचे खालचे रान साफ करून, वरची उंबर, जांभूळ, फणस, शिसवी, नाणा अशी झाडे राखून त्यांच्या सावलीत लावलेली कॉफी आणि त्यांच्याच खोडांवर चढवलेला मिरवेल. मात्र आता मळ्याकडे थोडे निरखून पाहिले, तर वरच्या छत्रात एकच सरळसोट झाड पुन्हापुन्हा दिसते. ते म्हणजे मूळचा ऑस्ट्रेलियाचा सिल्व्हर ओक.

मळेवाल्यांनी हे झाड का पसंत केले, याचे उत्तर मला शेतीपेक्षा कायद्यात अधिक सापडते. कोडगूतल्या अनेक जमिनींवर, विशेषतः भातशेतीला जोडून दिलेल्या 'बाणे' जमिनींवर, परंपरेने कॉफी मळेवाल्याची असली तरी जंगली झाडांच्या लाकडावर सरकारचा हक्क राहिला. जिथे तो मळेवाल्याकडे आला, तिथेही झाड तोडायचे तर परवानगीसाठी खेटे घालणे चुकत नाही. कर्नाटकच्या 1976 च्या वृक्षसंरक्षण कायद्यात सिल्व्हर ओकला या परवानगीतून सूट आहे. तो झपाट्याने वाढतो, त्याच्या खोडावर मिरी उत्तम चढते आणि अडीनडीला तो विकून पैसा उभा करता येतो. अशा स्थितीत मळ्यात आपोआप रुजलेले शिसवीचे रोप कोण वाढू देईल? झाडे वाचवण्यासाठी केलेल्या व्यवस्थेने देशी झाड हे मालकाच्या डोक्यावरचे ओझे करून ठेवले, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे कारण खुद्द कॉफीच्या जातीत आहे. अरेबिकाला दाट सावली मानवते, शिवाय खोड पोखरणाऱ्या किडीचा उपद्रव उघड्या, उन्हात तापणाऱ्या खोडांवर जास्त होत असल्याने सावली हेच तिचे पहिले संरक्षण असते. रोबस्टा ऊन बरेच सहन करते आणि या किडीलाही दाद देत नाही. मार्च-एप्रिलमध्ये फुलोऱ्यासाठी लागणाऱ्या पावसाची, ज्याला मळेवाले 'ब्लॉसम शॉवर' म्हणतात, वाट पाहण्याऐवजी तळे खणून तुषार सिंचन केले की रोबस्टाचे उत्पन्न बऱ्यापैकी हमखास होते. मग फांद्या अधिक छाटल्या जातात आणि छत्र विरळ होत जाते. आज भारतातल्या कॉफीत रोबस्टाचा वाटा सुमारे 70 टक्के आहे.

भावाचा इतिहासही या बदलाला पोषकच ठरला. 1989 मध्ये देशोदेशीच्या निर्यातीला मर्यादा घालून भाव सावरणारी आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटापद्धत कोसळली, नव्वदच्या दशकात मळेवाल्यांची कॉफी सरकारी कॉफी बोर्डामार्फतच विकण्याची सक्ती टप्प्याटप्प्याने संपली आणि 2000 नंतरच्या मंदीत लहान मळेवाले भरडले गेले. मजूर मिळेनासे झाले. ओढ्याकाठची भातखाचरे पडीक राहिली किंवा आल्याच्या पिकासाठी भाड्याने गेली, आणि रस्त्यालगतच्या मळ्यांत होमस्टे, रिसॉर्ट व भूखंडांच्या वसाहती उभ्या राहिल्या. (त्यांच्या जाहिरातींत 'जंगलाच्या कुशीत' हे शब्द हमखास असतात.) ऑगस्ट 2018 मध्ये जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या मडिकेरीच्या परिसरात डोंगर कोसळले, त्याचे खापर एकट्या कॉफीवर फोडणे अन्यायाचे होईल, कारण अतिवृष्टी प्रचंड होती, तरी रस्त्यांसाठी आणि इमारतींसाठी कापलेले उतार विसरता येत नाहीत.

कावेरी इथेच उगम पावते आणि तिचे पाणी पुढे बंगळुरूच्या नळांना येते. पाणी धरून ठेवणाऱ्या या छत्राचा लाभ असा दूरवर पोहोचतो, पण ते राखणाऱ्या मळेवाल्याला त्याबद्दल काही मिळत नाही. सावलीतल्या कॉफीला प्रमाणपत्र देऊन चढा भाव मिळवण्याचे प्रयोग झाले आहेत. लहान मळेवाल्याला मात्र त्याची कागदपत्रे आणि तपासणीचा खर्च सहज पेलत नाही. 2024 मध्ये रोबस्टाचे भाव विक्रमी पातळीवर गेले, तेव्हा अनेकांना वाटले की आता मळे विकले जाणार नाहीत. ते काही अंशी खरेही असेल, पण चढ्या भावात एकरी चार पोती जास्त काढण्याचा मोहही वाढतो आणि त्याचा सोपा उपाय पुन्हा सावली कमी करणे हाच असतो. म्हणून भावापेक्षा मला हक्काचा प्रश्न आधीचा वाटतो. स्वतः लावलेल्या आणि वाढवलेल्या देशी झाडावर मळेवाल्याचा निर्विवाद हक्क असावा आणि ते विकण्याची रीत सिल्व्हर ओकइतकीच सुटसुटीत असावी.