डिमर कुणाच्या हातात?

नाटकांची प्रकाशयोजना करतो, त्यामुळे काचेशी माझं जुनं वैर. काच दिसली की दिवा तिच्यात नको तिथं चमकणार, हे ठरलेलं. म्हणून पुण्यातल्या एका रंगकर्मी मैत्रिणीनं तिच्या प्रयोगासाठी मुद्दाम काचच हवी म्हटल्यावर मी आधी कुरकुरलो.

मध्ये उभी काच, तिच्यावर अर्ध्या आरशाची फिल्म. दोन्ही बाजूंना स्टूल, प्रेक्षकांतले दोन अनोळखी जण समोरासमोर, बोलायला बंदी. उजेडात बसलेल्याला काचेत स्वतःच दिसतो आणि अंधारातला त्याला खुशाल न्याहाळतो. दोन्हीकडचा उजेड सारखा होत आला की चेहरे एकमेकांत मिसळतात. त्यासाठी डोळे एका उंचीवर आणि स्टुलं काचेपासून सारख्या अंतरावर हवीत, कारण आपण काचेच्या जितके पुढे, तितकंच प्रतिबिंब मागे. युक्ती जुनी आहे. १८६२ साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन पेपर यांनी काच आणि दिव्यांच्या जोरावरच रंगमंचावर भूत आणलं होतं. स्वस्तातले एलईडी मंद करताना लुकलुकतात, म्हणून मी हॅलोजन लावले.

माणसं ठरावीक वागत. हसत, केस सारखे करत, मग अवघडत. अंधारातला टक लावून बघायचा आणि त्याच्यावर उजेड आला की मान खाली.

एका संध्याकाळी कर्णबधिर मुलांना शिकवणाऱ्या बाई आल्या. त्या स्वतःही कर्णबधिर. समोर त्यांचा जुना विद्यार्थी. बसल्या बसल्या दोघांच्या गप्पा सुरू! काच त्यांच्या लेखी नव्हतीच. सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण असतं, नुसत्या भुवया उंचावूनही प्रश्न होतो. त्यामुळे ‘शब्दाविना संवाद’ वगैरे आमचं सगळं तिथंच निकालात निघालं.

ठरल्याप्रमाणे मी डिमर बोर्डवर, म्हणजे दिवे कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्यांच्या फळीवर, बाईंच्या बाजूचा दिवा उतरवला आणि त्यांचं वाक्य अर्ध्यात तुटलं. पोरगा उजेडात, त्याला फक्त स्वतःचं तोंड दिसतंय. त्यानं काचेवर टकटक केली आणि वर दिव्याकडे बोट दाखवलं. मी दिवा चढवला. बाई उठून थेट माझ्याकडे आल्या, कुठली पट्टी कुणाची ते खुणेनं विचारलं आणि डिमर बोर्डच स्टुलाशेजारी मागून घेतला.

पुढची दहा-पंधरा मिनिटं मला काम नव्हतं. आपलं बोलून झालं की बाई स्वतःचा दिवा मंद करत: आता तू बोल. पूर्ण मात्र विझवत नसत. आपण मान डोलावतोय हे त्याला दिसायला हवं ना! इतका नेमका क्यू, म्हणजे दिवा बदलायचा क्षण, मला तालमीतही सापडला नव्हता.

मैत्रीण थोडी नाराज होती, मौनाचा नियम मोडला म्हणून. मला तर त्या दिवशी पहिल्यांदा प्रयोग जमल्यासारखा वाटला. पुढच्या खेळापासून बोर्ड बसणाऱ्यांकडेच द्यायचा, हे मी भांडून मान्य करून घेतलं. ऐकू येणारी माणसं तो हातात आला की बहुतेक वेळा आधी स्वतःचाच दिवा घालवतात.